मेटॅबॉलिक सिंड्रोम आणि धमनीचा अंतःस्तर : पुसेगावसारख्या गावातील वैद्यांसाठी एक विचार

हृदयविकार आणि मधुमेह हे शहरी, सुखवस्तू माणसाचे विकार होत, ही समजूत आता टिकणारी नाही. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगावसारख्या गावात चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्याला हे वेगळे सांगावयास नको. सोयाबीन, तूर, कापूस आणि हळद पिकविणारा, दिसावयास फारसा स्थूल नसलेला, चाळिशी ओलांडलेला शेतकरी सांधेदुखी, अम्लपित्त किंवा थकवा यांची तक्रार घेऊन येतो. सहज म्हणून रक्तदाब पाहावा तर तो वाढलेला आढळतो. साखर तपासावी तर तीही सीमारेषेवर असते. रुग्णाला स्वतःला मात्र यांपैकी कशाचाही त्रास जाणवत नसतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इन्डियाब सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांत महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के, तर केवळ ग्रामीण भागात ६.५ टक्के आढळले. याच सर्वेक्षणाचे संपूर्ण देशाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, तेव्हा मधुमेह ११.४ टक्के, उच्च रक्तदाब ३५.५ टक्के आणि उदरस्थ स्थौल्य ३९.५ टक्के असे आकडे समोर आले. दहा प्रौढांमागे जवळजवळ चौघांच्या उदरावर अनावश्यक मेद आहे, हा याचा सरळ अर्थ. असे रुग्ण प्रथम हृदयरोगतज्ज्ञाकडे जात नाहीत, ते गावातील वैद्याकडे येतात. म्हणून या विकारसमूहात रक्तवाहिन्यांचे नेमके काय बिघडते आणि आपल्या हाती काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लक्षणसमुच्चयाचे स्वरूप

१९८८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉ. जेराल्ड रेव्हन यांनी असे प्रतिपादन केले की, वाढलेला रक्तदाब, बिघडलेली साखर आणि रक्तातील मेदाचे वैषम्य ही लक्षणे योगायोगाने एकत्र येत नाहीत. त्यांच्या मुळाशी इन्सुलिनला शरीराने दिलेला अपुरा प्रतिसाद असतो. या समूहाला त्यांनी सिंड्रोम एक्स म्हटले. पुढे मेटॅबॉलिक सिंड्रोम हे नाव रूढ झाले. २००९ साली अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकत्रितपणे मान्य केलेल्या निकषांनुसार पुढील पाचांपैकी कोणतीही तीन लक्षणे आढळल्यास हे निदान करता येते :

१. कमरेचा घेर : भारतीय पुरुषात ९० सें.मी. व स्त्रीत ८० सें.मी. किंवा अधिक.
२. ट्रायग्लिसराइड : १५० मि.ग्रॅ. किंवा अधिक.
३. एचडीएल कोलेस्टेरॉल : पुरुषात ४० व स्त्रीत ५० मि.ग्रॅ. पेक्षा कमी.
४. रक्तदाब : १३०/८५ किंवा अधिक.
५. उपाशीपोटी साखर : १०० मि.ग्रॅ. किंवा अधिक.

या विकारांसाठी औषधे चालू असतील, तर तपासणीत आकडा योग्य दिसत असूनही ते लक्षण उपस्थित आहे असेच धरावे. या पाचांपैकी तीन गोष्टी, म्हणजे घेर, रक्तदाब आणि साखर, कोणत्याही खेड्यातील चिकित्सालयात पाच मिनिटांत मोजता येतात. कमरेचा घेर मोजताना फीत शेवटची बरगडी आणि कटीचे हाड यांच्या मध्यावर ठेवावी, रुग्णाने सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. पँटचे माप किंवा धोतराची गाठ यावरून अंदाज बांधू नये.

अंतःस्तर : धमनीचे कार्यकारी अंग

धमनी म्हणजे रक्त वाहून नेणारी निर्जीव नळी नव्हे. तिच्या आतील बाजूस पेशींचा केवळ एकपदरी, अत्यंत तलम असा स्तर असतो. आधुनिक शास्त्र त्यास एंडोथेलियम म्हणते, आपण त्यास अंतःस्तर म्हणू. धमनीने केव्हा रुंद व्हावे, केव्हा आकुंचन पावावे, रक्त कोठे गोठू द्यावे, कोणत्या पेशींना भित्तीत प्रवेश द्यावा, हे सर्व हा स्तर ठरवितो.

१९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी एक साधा पण मूलगामी प्रयोग प्रसिद्ध केला. धमनीचा तुकडा अंतःस्तरासह असेल तर ॲसिटिलकोलीन या द्रव्याने तो शिथिल होतो, परंतु अंतःस्तर घासून काढल्यास तो शिथिल होत नाही. याचा अर्थ अंतःस्तर स्वतः काहीतरी शिथिलकारक द्रव्य निर्माण करतो. ते द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याचे पुढे सिद्ध झाले. या कार्यासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा वायू काही क्षणच टिकतो. रक्ताचा प्रवाह वाढला, की त्याच्या घर्षणाने अंतःस्तरात तो तयार होतो, लगतच्या स्नायूपेशींना शिथिल करतो आणि धमनी रुंद होते.

येथे इन्सुलिनचा संबंध येतो. इन्सुलिन केवळ साखर पेशींत पोहोचवीत नाही, ते अंतःस्तरालाही नायट्रिक ऑक्साइड निर्माण करण्याचा आदेश देते, त्यामुळे स्नायूंकडे अधिक रक्त जाते. त्याच वेळी दुसऱ्या मार्गाने ते धमनी आकुंचित करणाऱ्या एंडोथेलिन या द्रव्यासही चालना देते. निरोगी माणसात दोहोंचा समतोल असतो. इन्सुलिनला प्रतिसाद मंदावला की शिथिल करणारा पहिला मार्ग क्षीण होतो, आकुंचनाचा दुसरा मार्ग मात्र तसाच चालू राहतो. शरीर अधिकाधिक इन्सुलिन निर्माण करते आणि आकुंचनाची बाजू अधिकच बळावते. त्यातच उदरातील मेदातून बाहेर पडणारी मेदाम्ले व दाहकारक द्रव्ये यांची भर पडते आणि ऑक्सिडेशनचा ताण वाढून तयार झालेला नायट्रिक ऑक्साइडही नष्ट होतो. रक्तदाब, साखर आणि मेद हे तीन स्वतंत्र विकार न राहता एकाच सूत्रात कसे ओवले जातात, हे यावरून ध्यानात येईल.

बिघाड केव्हा सुरू होतो

अंतःस्तराचे कार्य मोजण्याची एक पद्धत १९९२ साली डेव्हिड सेलर्मायर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. हाताभोवती रक्तदाबाचा पट्टा सुमारे पाच मिनिटे घट्ट आवळून ठेवतात. तो सोडताच रक्त वेगाने धावते आणि दंडातील धमनी किती टक्के रुंद झाली हे सोनोग्राफीने मोजतात. निरोगी अंतःस्तर या वेगाला रुंद होऊन उत्तर देतो, रुग्ण अंतःस्तर फारसे उत्तर देत नाही.

अशा पद्धतींनी बॉस्टन येथे १९९९ मध्ये झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्यांच्या आईवडिलांना मधुमेह आहे परंतु स्वतःची साखर पूर्णपणे प्राकृत आहे, अशा व्यक्तींमध्येही धमन्यांचा प्रतिसाद मंदावलेला होता. आपल्या दृष्टीने हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. साखरेचा आकडा वाढण्यापूर्वीच धमनीचे कार्य बिघडू लागते. धमनीच्या भित्तीत मेद साठून मार्ग अरुंद होणे ही त्यानंतर अनेक वर्षांनी येणारी अवस्था होय. पहिली अवस्था कार्याच्या बिघाडाची आहे आणि ती बऱ्याच अंशी परत फिरविता येते. दुसरी रचनेच्या बिघाडाची आहे आणि ती परत फिरविणे कठीण आहे. गावातील वैद्याकडे रुग्ण येतो तो बहुधा पहिल्या अवस्थेत. त्या वेळी त्याला केवळ सांधेदुखीचे औषध देऊन परत पाठविले, तर हाती आलेला काळ वाया जातो.

कृश दिसणारा मेदस्वी

आपल्याकडील रुग्ण ओळखण्यात एक अडचण आहे आणि तिचा उलगडा पुण्यात झाला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती माता व त्यांची अपत्ये यांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो होते. भारतीय बालके सर्व मापांत लहान होती, स्नायू आणि उदरातील अवयव कमी होते, मात्र त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. म्हणजे कृश परंतु मेदयुक्त अशी ही घडण जन्मापासूनचीच आहे.

२००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छायाचित्रासह दिले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, म्हणजे अगदी प्राकृत होता. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाले. वजनकाट्यावर सारख्या उतरणाऱ्या दोन माणसांत मेद दुपटीहून अधिक असू शकतो. म्हणून हातपाय बारीक, पोट मात्र पुढे आलेले, अशा रुग्णास कृश समजून बृंहण चिकित्सा देणे किंवा अशक्तपणाच्या तक्रारीवर गोड पौष्टिक अवलेह सुचविणे अनुचित ठरते. वजनापेक्षा फितीवर अधिक विश्वास ठेवावा.

ग्रंथोक्त विचार

आधुनिक शास्त्राचे प्रत्येक नाव संहितेत शोधण्याचा अट्टहास करू नये. तथापि या विषयाच्या संदर्भात संहिताकारांची निरीक्षणे खरोखरच उपयुक्त आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तेविसावा अध्याय संतर्पणाचा आहे. स्निग्ध, मधुर, गुरु व पिच्छिल आहार, नवे धान्य, गुळाचे व पिठाचे पदार्थ, हालचालीचा तिटकारा आणि दिवसा झोप, ही कारणे तेथे सांगितली आहेत. परिणामांत प्रमेह व अतिस्थौल्य यांच्याबरोबर स्रोतसांच्या लेपाचाही उल्लेख आहे. सूत्रस्थानाच्याच विसाव्या अध्यायात वीस नानात्मज कफविकारांच्या यादीत धमनीप्रतिचय हा विकार येतो, टीकाकार चक्रपाणी त्याचा अर्थ धमन्यांचा उपलेप असा करतात.

या उल्लेखांवरून प्राचीनांना अंतःस्तर ठाऊक होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु अतिपोषण आणि निष्क्रियता यांतून प्रमेह, स्थौल्य व वाहिन्यांची विकृती एकाच कुळातून उपजतात, हे त्यांनी ओळखले होते, आणि चिकित्सेची दिशा ठरविण्यास ते पुरेसे आहे. ती दिशा अपतर्पणाची आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील अकराव्या अध्यायात प्रमेहाचे सहज आणि अपथ्यनिमित्तज असे दोन भेद आहेत. पहिल्यातील रुग्ण कृश व रूक्ष, दुसऱ्यातील स्थूल, बहुभोजी व निद्राप्रिय. पुण्याच्या अभ्यासातील कृश दिसणारा मेदस्वी या दोहोंच्या मध्ये उभा आहे. त्याला पाहून सहज प्रमेहाचे निदान घाईने करू नये.

निदानपरिवर्जन व व्यायाम : प्रथम चिकित्सा

अंतःस्तराचे कार्य सुधारण्याचा सर्वांत भक्कम पुरावा औषधांचा नसून आहार आणि व्यायाम यांचा आहे. इटलीतील नेपल्स येथे मेटॅबॉलिक सिंड्रोमच्या १८० रुग्णांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांना अखंड धान्य, भाज्या, फळे, कवचफळे आणि ऑलिव्ह तेल यांवर आधारित आहार शिकविला गेला, उरलेल्यांना सर्वसाधारण सल्ला दिला गेला. दोन वर्षांनंतर पहिल्या गटातील ९० पैकी ४० जणांत, तर दुसऱ्या गटातील ९० पैकी ७८ जणांत हा लक्षणसमुच्चय शिल्लक होता. पहिल्या गटात अंतःस्तराचे कार्यही सुधारले होते.

आपल्याकडे ऑलिव्ह तेलाची आवश्यकता नाही. ज्वारीची भाकरी, मूग, तूर, पालेभाज्या, जवसाची व कारळाची चटणी, मोजके करडईचे वा शेंगदाण्याचे तेल, हा मराठवाड्याचा जुना आहार पुष्कळसा त्याच जातीचा आहे. चरकांनी प्रमेहात यव आणि मूग यांस प्राधान्य दिले आहे, त्याच्याशीही तो जुळतो. बिघडले ते पुढे. भाकरीची जागा पांढऱ्या तांदळाने आणि मैद्याच्या खारी-टोस्टने घेतली. दिवसातून पाच-सहा वेळा साखरेचा चहा होऊ लागला. रुग्णाला मधुर-स्निग्ध वर्ज्य करा असे मोघम सांगण्यापेक्षा दिवसाचे चहा किती, प्रत्येकात साखर किती, घरात महिन्याला तेल किती पिशव्या लागते, हे विचारून आकडा कागदावर लिहून द्यावा. तंबाखू-चुन्याची सवय असल्यास ती प्रथम सोडवावी.

व्यायामाविषयी नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील २००८ चा अभ्यास बोलका आहे. मेटॅबॉलिक सिंड्रोमच्या ३२ रुग्णांपैकी एका गटाने आठवड्यातून तीनदा, सोळा आठवडे, संथ अखंड चाल केली. दुसऱ्या गटाने चार-चार मिनिटांचे चार जोरकस टप्पे आणि मध्ये संथ चाल असा क्रम ठेवला. अंतःस्तराचे कार्य दोन्ही गटांत सुधारले, जोरकस टप्प्यांच्या गटात अधिक सुधारले. व्यायामाने रक्ताचा वेग वाढतो, तो वेग अंतःस्तरास पुन्हा नायट्रिक ऑक्साइड निर्माण करावयास लावतो. सुश्रुतांनी निर्धन प्रमेह्यास शंभर योजने पायी चालण्याचा किंवा विहीर खणण्याचा उपदेश केला आहे, त्यामागील अनुभव याच जातीचा असावा.

शेतकऱ्यास वेगळा व्यायाम कशाला, हा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात. पेरणी, खुरपणी आणि काढणीचे दिवस सोडले तर शेतीतील श्रम आता पूर्वीसारखे अखंड राहिलेले नाहीत. नांगरणी ट्रॅक्टरने होते आणि शेतावर जाणे मोटारसायकलीने. आषाढी वारीत पंधरा-वीस दिवस आनंदाने चालणारा गृहस्थ उरलेले अकरा महिने अर्धा कोसही पायी जात नाही. त्याला रोज तीस ते चाळीस मिनिटे चालावयास सांगावे, थोडी सवय झाल्यावर मध्ये दोन-तीन मिनिटे दम लागेल इतक्या वेगाने चालावयास सांगावे. छातीत दुखणे, चालताना अवाजवी धाप किंवा पूर्वीचा हृदयविकार असल्यास जोरकस टप्पे तज्ज्ञांच्या परवानगीशिवाय सांगू नयेत.

धात्री आणि निशा

अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानातील शेवटच्या अध्यायात वाग्भटांनी निरनिराळ्या विकारांवरील अग्र्य द्रव्यांची नामावली दिली आहे. त्यात प्रमेहासाठी धात्री आणि निशा, म्हणजे आवळा आणि हळद, ही जोडी आहे. या दोन्ही द्रव्यांची अंतःस्तरावरील क्रिया हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेत डॉ. पी. उषाराणी व सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे तपासली आहे. एकेकाळी हिंगोली हैदराबाद संस्थानातच होती, आणि हळद हे तर आज या जिल्ह्याचे प्रमुख नगदी पीक आहे. त्यामुळे हे अभ्यास आपल्याला दुहेरी अर्थाने जवळचे आहेत.

या अभ्यासांत सोनोग्राफीऐवजी बोटावरील नाडीच्या तरंगाचा आलेख वापरला आहे. सालब्युटामॉल हुंगविल्यावर निरोगी अंतःस्तरातून नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो आणि तरंगाचा आकार बदलतो. तो फारसा बदलला नाही, तर अंतःस्तराचे कार्य मंदावलेले आहे असे समजतात. हळदीतील कर्क्युमिनचे प्रमाणित औषध १५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, आठ आठवडे, मधुमेही रुग्णांना देऊन २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आवळ्याचा प्रमाणित जलीय अर्क २५० किंवा ५०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, बारा आठवडे, ८० मधुमेही रुग्णांत तपासून २०१३ साली प्रसिद्ध झाला. २०१९ साली आवळ्याच्याच अर्काचा अभ्यास खास मेटॅबॉलिक सिंड्रोमच्या रुग्णांत झाला. तिन्ही अभ्यासांत निष्क्रिय गोळीच्या तुलनेने अंतःस्तराचे कार्य आणि ऑक्सिडेशनच्या ताणाची मोजमापे सुधारली. आवळ्याची मोठी मात्रा लहान मात्रेपेक्षा अधिक परिणामकारक ठरली.

हे निष्कर्ष आनंददायक आहेत, परंतु त्यांच्या मर्यादाही स्पष्ट असाव्यात. रुग्णसंख्या थोडी होती आणि कालावधी आठ ते बारा आठवड्यांचा होता. मोजले गेले ते धमनीचे कार्य. हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात कमी झाले की नाही, हे या अभ्यासांतून कळत नाही. आणखी एक गोष्ट व्यावहारिक महत्त्वाची आहे : तपासली गेली ती प्रमाणित अर्कांची औषधे, आपल्या बरणीतील चूर्ण नव्हे. हळकुंडात कर्क्युमिन तीन टक्के धरले, तर दिवसाच्या ३०० मि.ग्रॅ. कर्क्युमिनसाठी दहा ग्रॅम हळद लागेल. स्वयंपाकातील चिमूटभर हळदीला या अभ्यासाचे श्रेय देता येत नाही. निशामलकी चूर्ण आपण ग्रंथाधाराने आणि अनुभवाने देतो, ते तसेच द्यावे. मात्र ते देताना अर्कांच्या अभ्यासाचे आकडे रुग्णाला सांगू नयेत.

अर्जुन आणि गुग्गुळ

चक्रदत्तापासून हृद्रोगात प्रशस्त मानलेल्या अर्जुनाचा असाच अभ्यास इंदूर येथे झाला व २००४ साली इंडियन हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्या १८ पुरुषांना अर्जुन ५०० मि.ग्रॅ. दर आठ तासांनी दोन आठवडे दिला गेला. दंडातील धमनीचा विस्तार अर्जुनाने सुमारे ९.३ टक्के, तर निष्क्रिय गोळीने सुमारे ५.२ टक्के आढळला. हे रुग्ण धूम्रपान करणारे होते, मेटॅबॉलिक सिंड्रोमचे नव्हते, हा फरक ध्यानात ठेवावा.

गुग्गुळाची कथा अधिक बोधप्रद आहे. डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या वर्णनावरून गुग्गुळावर केलेले १९६६ चे प्रबंधकार्य पुढील साऱ्या संशोधनाचा पाया ठरले. परंतु अमेरिकेत १०३ रुग्णांवर आठ आठवडे केलेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुग्गुळाच्या अर्काने एलडीएल कोलेस्टेरॉल कमी न होता किंचित वाढले, आणि काही रुग्णांच्या अंगावर पुरळ उठले. तेथील आहार, प्रकृती आणि शोधन न केलेला अर्क, असे आक्षेप घेता येतील. तरीही हा निष्कर्ष दडवून ठेवणे योग्य नाही. गुग्गुळ कल्प देताना दोन महिन्यांनी मेदाची तपासणी पुन्हा करावी, आकडा सुधारला नसेल तर योजना बदलावी.

औषधनिर्माते व औषधविक्रेते यांच्यासाठी

पहिली गोष्ट साखरेची. आसव, अरिष्ट व अवलेह यांत गुळ-साखरेचे प्रमाण मोठे असते. हृदयासाठी म्हणून पार्थाद्यरिष्ट मागणारा ग्राहक मधुमेही असू शकतो, त्याला अर्जुनत्वक् चूर्ण किंवा क्षीरपाक हा पर्याय वैद्याच्या सल्ल्याने सुचवावा. शुगरफ्री च्यवनप्राश घेतानाही गोडव्यासाठी काय वापरले आहे हे वेष्टनावर वाचावे. लवणभास्कर चूर्णासारखे लवणयुक्त कल्प उच्च रक्तदाबात नित्य देऊ नयेत. ज्येष्ठमध अधिक काळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते, हेही विसरू नये.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. हळदपुडीचा रंग खुलविण्यासाठी लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार दक्षिण आशियात उघडकीस आले आहेत, आणि शिसे स्वतःच रक्तदाब वाढविते. धमनीसाठी दिलेल्या औषधातून धमनीचा शत्रू पोटात जाऊ नये. हिंगोलीच्या परिसरातील निर्मात्यांना तयार पूड घेण्याचे कारणच नाही. शेतकऱ्याकडून शिजवून वाळविलेली अखंड हळकुंडे घ्यावीत, पॉलिश करताना वरून रंग लावलेला नाही याची खात्री करावी आणि प्रत्येक खेपेचा नमुना शिसे व कर्क्युमिन यांसाठी प्रयोगशाळेत तपासून अहवाल जपून ठेवावा.

तिसरी गोष्ट शोषण वाढविलेल्या कर्क्युमिनची. बंगळुरू येथील १९९८ च्या अभ्यासात पिप्पली-मरिचातील पिपेरिनने कर्क्युमिनचे रक्तातील प्रमाण वीसपट वाढलेले आढळले. तेव्हापासून अशा गोळ्या बाजारात फार आल्या. अलीकडच्या वर्षांत इटली व अमेरिकेतून अशा उत्पादनांनंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आल्या आहेत. कावीळ, गडद लघवी, भूक मंदावणे यांपैकी काही आढळल्यास औषध तत्काळ थांबवून यकृताची तपासणी करावी.

चौथी गोष्ट जाहिरातीची. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब आणि स्थौल्य यांचा समावेश आहे. रक्तवाहिन्या स्वच्छ करणारे, ब्लॉकेज उघडणारे अशी फलके दुकानावर लावणे कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे आणि शास्त्राच्या दृष्टीने निराधार आहे. अशा फलकावर विश्वास ठेवून चालू औषधे सोडणाऱ्या रुग्णाची किंमत अखेर त्याच्या घराला मोजावी लागते.

चालू औषधे व संदर्भसेवा

रक्तदाबाची किंवा साखरेची आधुनिक औषधे घेणाऱ्या रुग्णास ती परस्पर बंद करावयास सांगू नये. आहार, व्यायाम आणि आपले औषध यांनी आकडे खाली येऊ लागले, तर मात्रा कमी करण्याचा निर्णय मूळ डॉक्टरांकडूनच करवावा. साखर एकदम उतरून चक्कर येण्याची शक्यताही रुग्णास आधी सांगावी. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयातील १९९४ च्या अभ्यासात गुग्गुळाच्या अर्कामुळे डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल या औषधांचे रक्तातील प्रमाण घटलेले आढळले. म्हणून रुग्ण कोणती गोळी घेतो, ती पाहिल्याविना गुग्गुळ कल्प लिहू नये.

रक्तदाब वारंवार १४०/९० च्या वर, उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारे एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक आढळल्यास रुग्णास पुढील तपासणीसाठी पाठवावे. छातीत दडपण, घाम, डाव्या हाताकडे जाणारी वेदना, अचानक तोंड वाकडे होणे किंवा हातापायातील शक्ती जाणे, अशा वेळी चिकित्सालयात काढा करीत बसू नये. रुग्ण ताबडतोब हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयाकडे रवाना करावा.

समारोप

दंडातील धमनी सोनोग्राफीने मोजण्याची सोय पुसेगावात नाही आणि तिची गरजही नाही. चाळिशीपुढील प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर, तक्रार कोणतीही असो, कमरेचा घेर, रक्तदाब आणि साखर या तीन नोंदी पहिल्या भेटीतच कराव्यात. आईवडिलांना मधुमेह असल्यास तिशीपासूनच कराव्यात. दोन लक्षणे आढळली तर ट्रायग्लिसराइड व एचडीएल तपासून घ्यावे. दर तीन महिन्यांनी त्याच फितीने, त्याच जागी घेर पुन्हा मोजावा आणि मागील आकड्याशेजारी लिहावा. पाच वर्षांत अशा दोनशे-तीनशे रुग्णांच्या नोंदी एका चिकित्सालयात सहज जमतील. संतर्पणजन्य विकारांत निदानपरिवर्जन, चंक्रमण आणि धात्री-निशा यांनी ग्रामीण मराठवाड्यातील माणसाला किती लाभ होतो, या प्रश्नाचे उत्तर हैदराबाद वा नेपल्सचे अभ्यास देऊ शकत नाहीत. ते उत्तर गावोगावच्या वैद्यांच्या नोंदवह्यांतूनच मिळेल. त्या नोंदवह्या आपण आजच उघडाव्यात, ही सर्व वैद्यबंधू-भगिनींस नम्र विनंती.